मुलांना धर्म कोणीं शिकवावा?

मुलांना धर्म शिकवावा कीं शिकवूं नये, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झालेले आहेत. परंतु तो कोणीं शिकवावा, हा प्रश्न त्याहूनहि अवघड असून त्याचा विचार मात्र क्वचितच होतो. आईबापांनीं शिकवावा, हें उत्तर सोपें वाटतें. पण आईबापांचें मनच त्या धर्माविषयीं अजून स्थिर झालेलें नसेल तर? मूल ज्यांच्या घरीं राहतें, ज्यांचें अन्न खातें, त्यांचा त्याच्या श्रद्धेवर कांहीं अधिकार पोंचतो काय? आणि आपल्या मुलाला आपण जें सांगतों, तें दुसऱ्याचें मूल दारांत उभें राहून ऐकूं लागलें, तर त्याला परत पाठवावें कीं आंत येऊं द्यावें? श्रोतेहो, हे प्रश्न मी भाषणासाठीं कल्पनेनें रचलेले नाहींत. महाराष्ट्राच्या एका विदुषीच्या आयुष्यांत ते एकामागून एक उभे राहिले, आणि प्रत्येकाचें उत्तर तिला आपल्या वागणुकीनें द्यावें लागलें. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या पांडित्याविषयीं किंवा अनाथ स्त्रियांसाठीं त्यांनीं उपसलेल्या कष्टांविषयीं आपणांस नव्यानें सांगण्याची जरुरी नाहीं. आज मी त्यांच्या चरित्रांतली एकच बाजू घेणार आहें. ख्रिस्ती धर्म त्यांनीं आपल्या मुलीला कसा शिकविला, आणि दुसऱ्यांच्या मुलींना कसा, एवढीच.

प्रथम त्या स्वतः कशा शिकल्या तें पाहूं. रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविलें होतें, आणि या अपराधाचा जाब त्यांना उडुपीच्या पंडितांपुढें द्यावा लागला होता. रमाबाईंच्या शिक्षणाची वेळ आली तोंपर्यंत शास्त्रीबोवा थकले होते. म्हणून तें काम आईकडे आलें. संसाराच्या रगाड्यांत दिवसा सवड कोठली मिळणार? उजाडण्यापूर्वींचीच काय ती वेळ आईच्या हातीं असे. झोपेनें जड झालेल्या लेकरास ती अंथरुणांतून उचलून घेई, लाडीगोडीनें जागें करी, आणि मग पांखरें बोलूं लागत तों आई श्लोक सांगे व मुलगी मागून म्हणे. भागवताचे हजारों श्लोक या रीतीनें त्या मुलीला मुखोद्गत झाले. पुढें पुराणें सांगत सांगत या कुटुंबानें सगळा देश पायांखालीं घातला, आणि १८७० नंतरच्या दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण अन्नावांचून गेलीं. श्लोकांवरची श्रद्धा पुढें राहिली नाहीं. ती पहांटेची रीत मात्र रमाबाईंच्या अंगीं कायमची राहिली, असें त्यांचें पुढचें वर्तन पाहून माझें मत झालें आहे.

कलकत्त्याचा मानसन्मान, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह, १८८१ च्या एप्रिलांत मनोरमेचा जन्म, आणि ती वर्षाची होण्यापूर्वींच पटकीनें पतीचा मृत्यु, हा भाग सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळें मी तो ओलांडून पुढें जातों. १८८३ सालीं रमाबाई वैद्यकी शिकण्याच्या उद्देशानें इंग्लंडला गेल्या, आणि वाँटेज या गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या मठांत उतरल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. अडीच वर्षांच्या मनोरमेलाहि त्यांच्याबरोबरच बाप्तिस्मा देण्यांत आला. येथूनच आपल्या प्रश्नाला आरंभ होतो.

मठांतील सिस्टर जेराल्डीन या वयानें व अनुभवानें वडील बाई. रमाबाईंवर त्यांची माया होती. रमाबाई पत्रांतून त्यांना लाडानें ‘आजीबाई’ म्हणत. इंग्रजी पत्राच्या मथळ्यावर हा आपला घरगुती शब्द पाहून आजहि वाचकाला गंमत वाटते. पुढें रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत मिस बील यांच्या हाताखालीं शिकूं लागल्या आणि तेथें संस्कृतहि शिकवूं लागल्या, तेव्हां मनोरमेचा बराचसा सांभाळ वाँटेजच्या भगिनींकडे राहिला. मूल लाडकें होतें, तिला जेवूं घालणें, न्हाऊं घालणें, निजविणें हें सारें त्या बाया करीत. आणि निजण्यापूर्वीं तिच्याकडून प्रार्थनाहि म्हणवून घेत.

१८८५ सालीं या प्रार्थनांवरूनच खटका उडाला. रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला होता हें खरें. परंतु चर्चची प्रत्येक शिकवण त्यांनीं डोळे मिटून गिळली नव्हती. देव एक असून तीन कसा, येशूचा जन्म पुरुषावांचून कसा, याविषयीं त्यांच्या मनांत शंका होत्या, आणि त्या त्यांनीं मिस बील यांना लांबलांब पत्रें लिहून मांडल्या होत्या. अथनेशियसच्या नांवानें चालणाऱ्या मतपत्राचा तर त्यांना विशेष तिटकारा होता; कारण हे सिद्धान्त जो मानणार नाहीं त्याचा नाश होईल असें तें मतपत्र बजावतें. ज्या गोष्टी आपल्यालाच अद्याप पटलेल्या नाहींत, त्या चार वर्षांच्या मुलीकडून पाठ करवून घेऊं नयेत, असें त्यांनीं सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट लिहून कळविलें.

चर्चच्या बाजूनेंहि म्हणण्यासारखें होतेंच, आणि तें आपण न्यायबुद्धीनें ऐकलें पाहिजे. मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हां त्याच्या वतीनें वडील माणसें वचन देतात, आणि त्याला चर्चच्या संपूर्ण शिकवणींत वाढविण्याची जबाबदारी त्या वचनाबरोबर येते. त्यांतला आपल्याला रुचेल तेवढा भाग ठेवून बाकीचा वगळण्याचा अधिकार एका व्यक्तीला कसा असणार? शिवाय मूल काय सिद्धान्त समजून घेऊन श्रद्धा ठेवतें? आधीं शब्द ओठांवर येतात, अर्थ वयानें कळतो. आपल्याकडे शुभं करोति म्हणणाऱ्या मुलाला आपण तरी कोठें अर्थ विचारतों?

रमाबाईंनीं हा युक्तिवाद मानला नाहीं. भारतांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून फेंकून दिल्यावर दुसऱ्या देशांतल्या पुरोहितांचें जूं आपण उचलणार नाहीं, अशा आशयाचें त्यांचें उत्तर प्रसिद्ध आहे. मुलीला सत्य बोलणें, देवावर प्रेम करणें, दुसऱ्याला दुखवूं नये हें शिकवावें; गूढ सिद्धान्त तिनें जाणती झाल्यावर आपल्या बुद्धीनें तपासावे, ही त्यांची भूमिका होती. आणि मुलीला काय शिकवावयाचें हें ठरविण्याचा हक्क आईचा आहे, तिला सांभाळणाऱ्यांचा नाहीं, याविषयीं त्यांच्या मनांत तिळमात्र संशय नव्हता. परक्या देशांत, परक्याच्या छपराखालीं, परक्याच्या अन्नावर असतांना एका सत्तावीस वर्षांच्या विधवेनें हें लिहावें, ही गोष्ट लहान नव्हे. हीं पत्रें सिस्टर जेराल्डीन यांनींच जपून संग्रहित केलीं, आणि १९७७ सालीं तीं ग्रंथरूपानें मुंबईंत प्रसिद्ध झालीं. ज्या पत्रांत आपल्याला इतकें खरमरीत सुनावलें आहे तीं जपून ठेवणाऱ्या त्या बाईंच्या मनाचा मोठेपणाहि येथें नोंदला पाहिजे.

त्याच काळांतला आणखी एक तंटा दिसावयास किरकोळ आहे, पण पुढें त्याचें मोठें फळ आलें. मठाच्या भगिनी गळ्यांत क्रूस घालीत. त्यावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंचें म्हणणें असें पडलें कीं आपल्या क्रुसावर लॅटिनऐवजीं संस्कृत अक्षरें असावींत. लॅटिन भाषा संस्कृताहून अधिक पवित्र कशी? आणि हिंदुस्थानांत जाऊन ज्यांच्यापुढें हा क्रूस धरावयाचा, त्यांना ती किती समजणार? धर्म शिकवावयाचा तो ऐकणाऱ्याच्या भाषेंत, हा आग्रह येथें पहिल्यानें दिसतो. त्या वेळीं मात्र त्यांच्या मनांत आपल्या लोकांची भाषा म्हणून संस्कृत उभी राहिली, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

१८८६ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. व्याख्यानें देतांदेतां त्यांनीं फिलाडेल्फियांत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचाहि अभ्यास केला. पाठांतरापेक्षां हातांनीं करून आणि डोळ्यांनीं पाहून मूल शिकतें, हें त्या पद्धतीचें मर्म. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं मंडळ स्थापन झालें आणि दहा वर्षें द्रव्यसाहाय्य करण्याचें त्यानें कबूल केलें. ठरलेली अट महत्त्वाची होती : उच्च वर्णांतील विधवांसाठीं निघणाऱ्या या शाळेंत धर्मोपदेश व्हावयाचा नाहीं, आणि मुलींच्या जातिधर्माला धक्का लागावयाचा नाहीं. याच विश्वासावर रानडे, भांडारकर यांच्यासारख्या थोर पुरुषांनीं सल्लागार म्हणून आपलीं नांवें दिलीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. मुलींच्या खाण्यापिण्याचे नियम तेथें सांभाळले जात. त्यांच्यावर प्रार्थनेची सक्ति नव्हती, कीं ख्रिस्ती उपदेशाचा तासहि नव्हता.

पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला नवा बहर आला होता. वाँटेजच्या काळांतल्या शंकांचें वादळ शमलें होतें. त्या रोज आपल्या खोलींत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचीत व प्रार्थना करीत. आईनें मुलीला शिकविण्याची ती जुनीच रीत; भागवताच्या जागीं शुभवर्तमान आलें एवढेंच. खोलीचें दार मात्र उघडें असे. ज्या मुलीला यावेंसें वाटे ती येऊन बसे. प्रथम एखाददुसरी आली, मग अधिक येऊं लागल्या.

१८९३ सालीं या उघड्या दारावरून पुण्यांत गदारोळ झाला. केसरीनें कडक टीका केली. सल्लागार मंडळींनीं राजीनामे दिले. अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, एवढेंच रमाबाईंना सांगण्यांत येत होतें. त्यांनीं तें मानलें नाहीं. हिंदु घरांतली आई देवापुढें मुलांना बसविते तेव्हां ती दाराला कडी घालीत नाहीं; मग मीं माझ्या देवापुढें बसतांना लपूनछपून कां बसावें? त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य असें होतें. बोस्टनच्या मंडळानेंहि अखेर त्यांचीच बाजू उचलून धरली.

या वादाचें वर्णन करतांना एका पक्षाचे लेखक सल्लागारांना भित्रे ठरवितात, आणि दुसऱ्या पक्षाचे लेखक रमाबाईंना कपटी ठरवितात. मला दोन्ही पटत नाहीं. रानडे आणि भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. त्यांना कोत्या मनाचे म्हणणें हास्यास्पद होईल. त्यांच्यापुढें खरी अडचण होती. बारा-पंधरा वर्षांची बालविधवा, जिला घरांत कोणीं गोड शब्द दिला नाहीं, ती सदनांत येते. तेथें तिला पोटभर अन्न मिळतें, पाटी-पुस्तक मिळतें, आणि आयुष्यांत पहिल्यानें कोणी तिला पोटाशीं धरतें. अशा मुलीला ‘तूं आपखुशीनें आलीस ना?’ असें विचारण्यांत काय अर्थ आहे? जिनें आपल्याला माणसांत आणलें तिच्या पायाशीं मुलगी जाऊन बसणारच. मायेची ओढ सक्तीहून बळकट असते, हें पालकांना कळत होतें, आणि त्यांना शब्द दिलेला होता तो सल्लागारांनीं.

आतां १८८५ चें वाँटेज आणि १८९३ चें पुणें हीं दोन चित्रें शेजारींशेजारीं ठेवून पाहा. तेथें मूल परक्याच्या छपराखालीं होतें आणि रमाबाई आई होत्या. येथें मुली रमाबाईंच्या छपराखालीं होत्या आणि आई-बाप दूर गांवीं बसले होते. तेथें रमाबाईंनीं विचारलें होतें कीं सांभाळणाऱ्याला श्रद्धेवर हक्क कोणीं दिला. येथें तोच प्रश्न पुण्याच्या गृहस्थांनीं त्यांना विचारला. या दोहोंत भेद नाहीं असें नाहीं. वाँटेजला मुलीच्या तोंडीं शब्द घातले जात होते. सदनांत कोणाच्याहि तोंडीं कांहीं घातलें जात नव्हतें, नुसतें दार उघडें होतें. हा भेद मी मोलाचा समजतों, आणि दार लावून घेण्यास नकार देण्यांत रमाबाईंनीं अधर्म केला असें मला वाटत नाहीं. पण ज्या बाईनें आईच्या हक्कासाठीं आजीबाईंसारख्या प्रेमळ माणसाशीं भांडण मांडलें होतें, तिला पालकांचा संताप अधिक ओळखीचा वाटावयास हवा होता. तो वाटल्याची खूण त्या काळच्या त्यांच्या वागण्यांत मला कोठें दिसत नाहीं.

उघड्या दारांतून सगळ्याच मुली आंत गेल्या असेंहि नव्हे. सदनांत आलेली पहिली विधवा गोदूबाई. ती तेथें चार वर्षें राहिली, शिकली, आणि वादाच्या त्याच वर्षीं, १८९३ च्या मार्चांत, तिनें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र तिला ओळखतो. ती हिंदूच राहिली. सदनांतल्या दुसऱ्या कित्येक मुलींनीं मात्र पुढच्या वर्षांत बाप्तिस्मा घेतला. दोघींनाहि बाई एकच होती.

नंतर काळच पालटला. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुलींचे तांडेच्या तांडे घेऊन आल्या. दौंडजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. बोस्टनशीं झालेला दहा वर्षांचा करार संपला होता. येथें ख्रिस्ती धर्म उघडपणें शिकविला जाई, आणि १९०५ सालच्या तेथील प्रार्थनांच्या लाटेची वार्ता ख्रिस्ती जगांत दूरवर पसरली. पालकांच्या संमतीचा प्रश्न येथें कोणी काढला नाहीं, कारण बहुतेक मुलींचे पालक दुष्काळानें नेले होते. त्यामुळें वाद मिटला. प्रश्न सुटला असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

केडगांवीं रमाबाईंना दुसरीच अडचण भेटली, आणि ती मला फार उद्बोधक वाटते. या मुली खेड्यापाड्यांतल्या. प्रचारांत असलेलें मराठी बायबल संस्कृत शब्दांनीं भरलेलें. तें त्यांना कळेना. शिवाय त्यांतले कित्येक शब्द पुराणांतून व दर्शनांतून आलेले, त्यांच्याबरोबर जुने अर्थहि चोरपावलांनीं येत, असें रमाबाईंना वाटे. आपल्याकडे याच्या नेमकी उलट वाट एका परदेशीय पाद्र्यानें तीन शतकांपूर्वीं धरली होती. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोव्यांत सासष्टीच्या नवख्रिस्त्यांसाठीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचलें, आणि तें १६१६ सालीं छापलें गेलें. लोकांचीं पुराणें हिरावून घेतलीं गेलीं होतीं. त्यांच्या कानांना पुराणाचीच गोडी होती. म्हणून त्यानें नवा धर्म पुराणाच्याच वेषांत उभा केला. आमच्या काळाच्या अधिक जवळ, नारायण वामन टिळकांनींहि अभंगाची आणि भजनाची वाट धरली. परक्या देशांतून आलेला मनुष्य आपलें पुराण जवळ करतो, आणि पुराणिकाच्या घरांत वाढलेली, भागवत मुखोद्गत असलेली बाई पुराणाची भाषा वगळावयास बसते! यांत विरोध दिसतो, परंतु दोघांचीहि नजर समोर बसलेल्या माणसावर होती. स्टीफन्सपुढें पुराण ऐकून तरबेज झालेले गृहस्थ होते. रमाबाईंपुढें अक्षरशत्रु मुली होत्या, ज्यांच्या कानांवर पुराण कधीं पडलेंच नसेल.

म्हणून पन्नाशीच्या घरांत आलेल्या या संस्कृत पंडितेनें हिब्रू आणि ग्रीक या भाषा कमावल्या आणि संपूर्ण बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर आरंभिलें. ज्या बाईनें एकदां क्रुसावर संस्कृत अक्षरें मागितलीं, तीच आतां आपल्या वाक्यांतून संस्कृत शब्द एकेक करून वेंचून काढीत होती. भाषांतराचे गुणदोष सांगण्याचें हें स्थळ नव्हे. त्याची भाषा कोठें कोठें ओबडधोबड झाली आहे, आणि ख्रिस्ती मंडळ्यांतून तें सर्वत्र रूढ झालें नाहीं, हें खरें. पण छपाईहि मुक्तीच्याच छापखान्यांत, आणि खिळे जुळविणाऱ्याहि तेथल्याच बायका. कांहीं वर्षांपूर्वीं ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या आतां उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा ग्रंथ अक्षर अक्षर उचलून लावीत होत्या. धर्मशिक्षणाचा याहून सावकाश तास मला ठाऊक नाहीं.

आणि मनोरमा? जिच्या रात्रीच्या प्रार्थनेवरून एवढें रणकंदन झालें, ती मुलगी इंग्लंड-अमेरिकेंत शिकून परत आली, पदवीधर झाली आणि आईच्या कामांत आपण होऊन पडली. शारदासदनाची शाळा तिनें चालविली. आंधळ्या मुलींना ठिपक्यांच्या लिपीनें शिकविण्याची विद्या ती शिकून आली होती. बोटांनीं चांचपून वाचणाऱ्या त्या मुली पुढें स्वतः दुसऱ्यांना शिकवूं लागल्या. तिनें चाळिशी ओलांडली तोंच २४ जुलै १९२१ रोजीं तिचा अंत झाला. रमाबाई तेव्हां त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. भाषांतराचें काम अजून हातांत होतें. तें त्यांनीं नेटानें शेवटास नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. ग्रंथाची छपाई त्यांच्या मागें केडगांवच्या बायकांनीं पुरी केली.